गेवराईच्या लाइनीतला दोष

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बंगळूरला माझ्या शेजारी बसणाऱ्यांना तर नाहीच. नववीत शाळा सोडली एवढंच त्यांना माहीत आहे, आणि ते कौतुकानं माना हलवतात. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित जमतंय.

मी नेकनूरचा. शाळा सुटल्यावर मला बीडला नेलं सुदामभाऊनं. तो दिंद्रुडचा, गावोगाव घरांत नेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत केबल ओढणारा लाइनमन. मालकाला सगळे अप्पा म्हणत. "अप्पा, ह्याला शिक्षण न्हाई, पण डोकं लई हाय," असं म्हणून त्यानंच मला तिथं चिकटवलं. वर्षभर स्वतःच्या डब्यातली भाकरी मला मोडून दिली. मी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायला शिकत होतो, तेव्हा हा खांबावरनं उतरून यायचा नि विचारायचा, "काय बे इंजिनिअर, आज काय बिघडवलं?" आणि स्वतःच हसायचा.

बिघडवलं होतं — हो. तेच सांगायचंय.

मोबाइलवर कुणी एखाद्या साइटचं नाव टाकलं की त्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधावा लागतो. आमच्या सगळ्या गावांसाठी तो शोधणारा प्रोग्राम माझा. सगळ्यात वरच्या सर्व्हरला विचारायचं. तो म्हणतो, त्याला विचार. तो आणखी पुढं पाठवतो — असं करत पत्ता मिळतो. सगळ्या घरांचं हे काम एकटा प्रोग्राम करतो, म्हणून त्यानं कुठंच थांबायचं नसतं. प्रश्न पाठवायचा, दुसऱ्याचं काम हातात घ्यायचं, उत्तर आलं की पहिल्याकडं वळायचं.

कधीकधी मात्र सर्व्हर नुसतं पुढच्याचं नाव सांगतो, पत्ता देत नाही. मग चालू शोध अर्धा ठेवून आधी त्या नावाचा पत्ता काढायचा. ते बसवताना मी कंटाळलो. तेवढ्या एका जागी सिस्टिमची तयार सोय वापरली — उत्तर येईपर्यंत थांबणारी. एका ओळीत काम झालं. माझ्या कॉम्प्युटरवर ती सोय बाहेरच्या सर्व्हरला विचारायची, त्यामुळं सगळं छान चाललं. पण मेन सर्व्हरवर ती कुणाला विचारणार होती? माझ्याच प्रोग्रामला! प्रोग्राम स्वतःलाच प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत उभा. आणि तो उभा, म्हणून उत्तर देणारं कुणीच नाही. दहा-पंधरा सेकंद सगळी गावं ठप्प. मग तो नाद सोडायचा, नि नेट आपोआप सुरू.

तक्रारी गेवराईहून जास्त, कारण गिऱ्हाइकं तिकडं जास्त. वाळूचे हायवा ट्रक तिथली केबल एरवीही तोडायचेच. लाइन सुदामभाऊची. त्यानं तीन आठवडे एकेक जॉइंट उघडून परत जोडला. मला म्हणाला, "बंद पडतंय, आपोआप येतंय — अशी कोणती केबल असती बे?" त्याचा प्रश्न बरोबर होता. मी काय म्हणालो? "जॉइंट बघा की परत एकदा."

मग अप्पांनी दोघांना समोर बसवलं. मला विचारलं, "खरं सांग, तुझा प्रोग्राम बरोबर हाय ना?"

"हाय, अप्पा. लाइनीतच हाय काहीतरी."

सुदामभाऊनं माझ्याकडं पाहिलं. चिडला नाही — चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "हा म्हणतोय म्हंजी असंल. माझ्याच हातानं कुठंतरी चुकलं असंल." अप्पांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर नेट सुरळीत झालं. "बघा, माणूस बदलला, लाइन सुधारली," अप्पा येईल त्याला सांगायचे. त्या प्रोग्रामच्या जोरावर मला इथलं, बंगळूरचं काम मिळालं. सुदामभाऊ आता दिंद्रुडला मेव्हण्याच्या दुकानात बसतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. केबलचं काम परत धरा म्हणालो, तर म्हणाला, "नगं. हात पहिल्यासारखा राहिला न्हाई माझा." त्याचा हात! मराठवाड्यात असा जॉइंट जोडणारा दुसरा मी पाहिला नाही.

माझ्याकडं प्रमाणपत्राचा एकही कागद नव्हता, चूक कबूल केली असती तर नेकनूरला परत जावं लागलं असतं — ही भीती खरी होती. पण त्याच खोलीत सुदामभाऊही बसला होता, नि त्याला दोन पोरी होत्या.

आणि पाहा, अजूनही मी फिरवूनच सांगतोय. तुम्हाला वाटलं असेल, चूक मला नंतर कळली. नाही. अप्पांनी बोलावण्याआधी तासभर मला ती ओळ सापडली होती. दुरुस्ती लिहून तयार होती. सुदामभाऊ कामावर असताना ती मेन सर्व्हरवर चढवली असती, तर दोष कुणाचा ते सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून मी दोन दिवस काढले. गेवराईच्या खांबावर नवा माणूस चढला, त्यानं फोन करून "जोडलं" म्हणून सांगितलं — आणि मग मी दुरुस्ती चढवली.