भिवरामामीचं पोट आणि बिजलीची पेटी

पोटाच्या तक्रारी चारचौघांत बोलू नयेत, असं सभ्य लोक सांगतात. त्यांनी कानांत बोटं घालावीत. मला माझ्या शहादेवमामाविषयी सांगायचं आहे, आणि ते मामीच्या पोटावाचून सांगता येत नाही.

निजामाचा अंमल होता, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मामा बीडजवळच्या पालीचा. थोडं रान, चार म्हशी आणि राग नाकाच्या शेंड्यावर. भिवरामामी मात्र गरीब गाय. वर्षानुवर्षं तिचं पोट साफ होत नव्हतं. एरंडेल झालं, सोनामुखी झाली, कपिलधारला नवसही झाला. पुढे तर पोट जड होईल या धास्तीने ती चतकोर भाकरीवरच उठायची. सगळ्यांना आग्रहाने वाढणारी बाई स्वतः वाळत चालली, आणि मामाचा जीव टांगणीला लागला.

अशात बद्रीनाथ डॉक्टर हैदराबादेहून बीडला आले, ते बिजलीची पेटी घेऊन. बाजूला फिरवायचा दांडा, दोन तारा, तारांच्या टोकांना मिठाच्या पाण्यात भिजवलेले बोळे. ते पोटावर ठेवून दांडा फिरवला की मुंग्या येतात आणि सुस्त आतडी हलू लागतात, असं डॉक्टर म्हणत. मामाचा काही विश्वास बसेना. आधी त्याने स्वतःच्या पोटावर लावून घेतली, खाटेवरून ताडकन उठला, आणि मगच मामीला तिथे निजू दिलं. परक्या पुरुषाचा हात मामीला चालेना. म्हणून डॉक्टर पाठ करून दांडा फिरवत आणि बोळे मामा धरी.

रोज बैलगाडीने बीड सुरू झालं. पंधरवडा गेला तरी गुण नाही. कळ आली की लगेच जायचं, दाबायची नाही, असं डॉक्टर बजावत आणि मामी मान डोलवी. शेवटी एका दुपारी परतताना मामा तिच्यावर खेकसला, कळ येते की नाही ते तरी सांग म्हणाला. मामी बैलांकडे बघत म्हणाली,

"येती की वो, रोज येती. पर दिवसाउजेडी बाईमाणसानं जावं कुठं?"

गावच्या बायका पहाटेच्या अंधारात जात, नाहीतर दिवस बुडाल्यावर. हे मामाला ठाऊक होतं, पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याचा विचार त्याने केला नव्हता. गावातल्या कुठल्याच पुरुषाने केला नव्हता. मामाला निदान लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने गोठ्यामागे खड्डा खणला, चारी बाजूंनी तुरीच्या वाळक्या तुराट्यांचा कूड उभा केला आणि दाराला जुनी घोंगडी टांगली. शेजारचा सुग्रीव येऊन हसला, "बायकूसाठी महाल बांधतो का बे?" मामा हौ म्हणाला आणि सुंभाची गाठ मारत राहिला.

मामी लाजेने दोन दिवस तिकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी बीडहून आल्यावर मामाने घरातल्या सगळ्यांना बाहेर धाडलं आणि स्वतः काठी घेऊन गोठ्यामागे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी बसला. त्या संध्याकाळी मामीने दुसरी भाकरी मोडून घेतली. मामाने ते पाहिलं आणि त्या तापट माणसाचे डोळे भरून आले. मला तो आवडतो तो यासाठीच.

पुढे पेटी बंद झाली तरी मामी बरी राहिली. श्रेय डॉक्टर पेटीला देत, आणि मामा खुशाल देऊ देई.

मग एका दुपारी सुग्रीवची आई बायडाबाई दाराशी आली. ताक मागायला आले म्हणाली, पण ताकाला कुणी टमरेल घेऊन येत नसतं. मामीने तिला गोठ्यामागे नेलं आणि घोंगडी बाजूला केली. आठवड्याभरात गल्लीतल्या बायका येऊ लागल्या, आणि मामाला स्वतःच्या परसात खोकून जावं लागे. तो कुरकुरला तेव्हा मामी त्याला म्हणाली,

"आजून एक बांधा. लई बाया कळ दाबून बसल्यात वो."

मामा उठला आणि तुराट्या आणायला रानात गेला.