आप्पांच्या कॉम्प्युटरवर काय टाकायचं

आप्पांना झटका आला तेव्हा मी शिरूरला होते. रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअरला डेटा एंट्रीचं काम करायचे आणि शिरूरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचे. दौंडच्या दवाखान्यात पोचले तोवर डॉक्टरांचं सगळं सांगून झालं होतं. उजवा हात लुळा पडला होता. पाय ओढत का होईना, चालता येणार होतं. पण वाचा गेली होती. डोक्यात सगळे शब्द शाबूत आहेत, समजतंय सगळं, फक्त जीभ वळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते धीर द्यायला म्हणाले असतील, पण मला ते ऐकून जास्तच घाबरायला झालं.

आप्पा रेल्वेत शंटिंगला होते. इंजिनाच्या धडधडीवर मात करणारा आवाज. विहारात जयंतीला भाषण त्यांचंच असायचं आणि माइक बंद पडला तरी कुणाचं अडायचं नाही. त्या माणसाच्या तोंडून आता नुसता घोगरा हुंकार निघायचा. डाव्या हातानं पाटीवर लिहून बघितलं, पण अक्षर त्यांचं त्यांनाच लागेना. मग भावानं पुठ्ठ्यावर बाराखडी काढली. आप्पा एकेका अक्षरावर बोट ठेवायचे आणि आम्ही ओळखायचो. म्हणजे ओळखायची घाई करायचो. त्यांनी 'प' वर बोट ठेवलं की आई म्हणायची, पाणी पाहिजे का? मी म्हणायचे, पंखा लावू का? त्यांना भलतंच काही म्हणायचं असायचं. एके दिवशी त्यांनी तो पुठ्ठा भिंतीवर फेकला आणि परत हातात घेतला नाही.

त्याच सुमाराला आमच्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले आणि जुने कामगारांना द्यायचे ठरले. मी एक मागून घेतला. आप्पा डाव्या हातानं एकेक बटण दाबतील, अक्षर पडद्यावर उमटेल, वाक्य त्यांचं ते पुरं करतील. मधे तोंड घालायला कुणाला जागाच राहणार नाही. एवढाच माझा विचार होता. कॉम्प्युटरमधलं मला आणखी काही कळत नव्हतं. सकाळी चालू करायचा, स्टॉकचा प्रोग्रॅम उघडायचा, आकडे भरायचे, संध्याकाळी बंद करायचा.

टेम्पोतून तो डबा दौंडला नेला, खाटेशेजारच्या टेबलावर मांडला आणि चालू केला. काळा पडदा, वर इंग्रजी दोन ओळी आणि लुकलुकणारी एक छोटी रेघ. कारखान्यानं देताना आतलं सगळं पुसलं होतं.

"ह्याच्यात सिस्टीमच न्हाई," भाऊ म्हणाला. तो माझ्याहून धाकटा. रेल्वेत नुकताच लागला होता आणि त्याआधी स्टेशनसमोरच्या क्लासात कॉम्प्युटरचा कोर्स करून बसला होता. "विंडोज टाकावी लागंल."

मी सोमवारी ऑफिसात हेच सांगितलं, तर आमच्या इथं कॉम्प्युटर बघणारा बिहारचा मुलगा म्हणाला, दीदी, लिनक्स डालिए. त्यात मराठी आतूनच येतं, वरचे मेनूसुद्धा मराठीत दिसतात, वेगळे फॉन्ट टाकायला नकोत. मला लिनक्स हा शब्दच पहिल्यांदा ऐकायला मिळाला. दोन्हीत फरक काय, विचारलं तर त्यानं बरंच समजावलं आणि मला त्यातलं काही कळलं नाही. भावाला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, लिनक्स शिकल्याल्या लोकांचं काम हाय, आपलं न्हाई.

त्यानंतरचे दिवस मी नुसती भिरभिरत होते. ज्याला त्याला विचारायचे. बँकेतल्या साहेबांना विचारलं, झेरॉक्सवाल्याला विचारलं. ज्याच्याकडे जे होतं तेच तो चांगलं म्हणायचा. झटक्यानंतरचे पहिले महिने महत्त्वाचे, माणसाला गप्प बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. स्टोअरमध्ये आकडे चुकायला लागले. जेवताना डबा तसाच पुढे ठेवून मी खिडकीबाहेर बघत बसायचे.

मी काही ठरवायच्या आत भावानं विंडोज टाकली. मराठीचे फॉन्टही कुठून तरी आणून बसवले. रविवारी मी गेले, आप्पांना खुर्चीत बसवलं. पण ते मराठी टाइपरायटरसारखं होतं. आधी अर्धं अक्षर, मग त्याला काना. निम्मी अक्षरं शिफ्टचं बटण दाबून धरल्याशिवाय यायची नाहीत, आणि शिफ्ट धरायला दुसरा हात लागतो. हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आप्पांनी अंगठा ताणून बघितला, पंजा आडवा करून बघितला. मग हात मांडीवर ठेवला आणि दाराकडं बघत राहिले. भाऊ म्हणाला, सवयीनं जमंल. मला त्याचा राग आला.

मी बिहारच्या त्या मुलाला शिफ्टचं सांगितलं. तो म्हणाला, लिनक्समध्ये त्याला उपाय आहे. एकदा दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षरापर्यंत ते दाबलेलंच राहील अशी सोय करता येते. तो कारेगावात खोली घेऊन राहायचा. संध्याकाळी कंपनीच्या बसनं मी तिथं उतरायचे. त्याची बायको चहा करायची आणि तो मला लिनक्स कशी टाकायची ते त्याच्या कॉम्प्युटरवर दाखवायचा. मी चुकायचे, तो पुसायचा, परत करा म्हणायचा. हातातलं काम जमतंय असं खूप दिवसांनी वाटत होतं.

पुढच्या रविवारी सीडी पर्समध्ये घालून दौंडची एसटी धरली. गाडी न्हावऱ्याला थांबली तेव्हा ड्रायव्हर चहाला उतरला, तेवढाही वेळ मला सहन होईना. घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता विंडोज पुसून लिनक्स टाकली. भाऊ ड्यूटीवर होता, त्याला विचारलंही नाही. पडद्यावर मराठी आलं. आईनं 'कचरापेटी' वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसली. आप्पांनी एका बोटानं शोधत शोधत पहिला शब्द उमटवला: 'चष्मा'. चष्मा सापडत नव्हता की पुसून हवा होता, हे विचारायच्या आत त्यांनी पुढं 'पूस' लिहिलं. मी तो पदरानं पुसून दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

मंगळवारी भावाचा फोन आला. लाइट गेली होती. आल्यापासून कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर पासवर्ड मागतोय. मी पासवर्ड सांगितला. तो म्हणाला, आता नुसती रेघ लुकलुकतेय, पुढं काय? पुढं काय ते मला माहीत नव्हतं. बिहारचा मुलगा गावी गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी भावाला म्हणाले, हात लावू नको, रविवारी मी येते. तो म्हणाला, "ताई, आप्पा सकाळधरनं त्याच्यासमोर बसल्यात. रविवारपतूर काय करू मी?" मी म्हणाले, हात लावू नको. फोन ठेवला आणि स्टोअरच्या रॅकांमधून उगाच फेऱ्या मारत राहिले.

रविवारी गेले तर पडद्यावर विंडोज. भावानं लिनक्स पुसून टाकली होती. मी आल्या आल्या भांडायला लागले. तुला जमलं नाही म्हणून तू पुसलंस, परत आप्पांचा हात अडकणार, असं बरंच बोलले. तो शांतपणे सांगायचा प्रयत्न करत होता की शिफ्टचं आता सुटलंय. विंडोज परत आल्यावर आप्पा चिडले होते आणि रागारागानं शिफ्टचं बटण एकसारखं दाबत सुटले होते. पाचेकदा दाबल्यावर मशीन वाजलं आणि एक चौकट पुढं आली. भावानं ती वाचली. तीच ती सोय, बटण दाबलेलं ठेवायची. विंडोजमध्येही होतीच, फक्त आम्हाला ठाऊक नव्हती.

माझं ऐकायचं मन नव्हतं. मी पर्समधून सीडी काढली आणि ती सरकवायला वाकले. आप्पांनी डावा हात मधे घातला. सीडी घेतली नाही, ढकलली नाही, नुसता पंजा आडवा धरला. मग मला खाटेवर बसायची खूण केली आणि टाइप करायला लागले.

खूप वेळ लागला. भाऊ उभा, आई दाराशी. पडद्यावर आलं: 'तुझं चांगलं होतं'. मी लगेच म्हणाले, "मग टाकते ना परत." आप्पांनी मान हलवली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. बोट चालूच होतं. एक अक्षर चुकलं, ते खोडलं, परत शोधलं. अखेर पुढची ओळ पुरी झाली: 'पण बिघडलं तर पोरगं घरात हाय. तू शिरूरला.'

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते बराच काळ टिकलं. मी सगळ्यांना विचारलं होतं की कुठली सिस्टीम चांगली. रोज त्या खुर्चीत कोण बसणार आणि त्याच्याजवळ कोण असणार, हे कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. भाऊ बाहेर जाऊन पेरू घेऊन आला आणि चिरून माझ्यासमोर ठेवला. मी दोन फोडी खाल्ल्या. आप्पांनी तोवर आणखी एक ओळ लिहून ठेवली होती, आईसाठी. आमटीत मीठ कमी आहे म्हणून.

ते पुढं सहा-सात वर्षं जगले आणि रोज लिहायचे. बहुतेक हुकूमच असायचे. जयंतीच्या भाषणाची पानं ते आठ दिवस आधीपासून लिहीत बसायचे. भाऊ ती छापून आणायचा आणि विहारात वाचायचा. मशीन बिघडलं की तोच खोलून बसायचा. त्याची त्यात चांगली गती झाली.

ती सीडी मी शिरूरला परत नेली. काही महिन्यांनी स्वतःला एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर लिनक्स टाकली. बिघडली की कारेगाव गाठायचं आणि शिकून यायचं. असं करता करता ऑफिसात मला स्टोअरमधून काढून बिहारच्या त्या मुलाच्या हाताखाली कॉम्प्युटरच्या कामाला घेतलं. पण ते शिकत असतानाही मन दौंडकडंच ओढ घ्यायचं. बुधवारपासूनच एसटीच्या वेळा आठवायला लागायच्या.

दौंडला गेले की मी आप्पांच्या खुर्चीत बसून काहीतरी लिहून द्यायला जायचे. माझ्या बोटांना लिनक्समधल्या अक्षरांच्या जागा पाठ झालेल्या, आणि त्या वेगळ्या होत्या. त्यांच्याकडं 'क' च्या जागी भलतंच काही उमटायचं. आप्पा थोडा वेळ बघायचे, मग घशातून हसायचे, माझा हात बाजूला सारायचे आणि स्वतःच लिहायला घ्यायचे.