उकंडाचा हुंकारा

बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणे. ऐकणाऱ्याला कोण पुसतो? पण आर्णीजवळच्या या गावात मात्र ऐकणाऱ्यावाचून कहाणी पाऊलभर सरकत नाही. सांगणाऱ्यानं वाक्य संपवून दम खायचा, ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं, मगच राजा पुढच्या गावी जायचा. "हं" नाही आलं, तर राजा बसला वेशीवरच!

पारावर कहाणी सांगावी पुंडलिकरावांनी आणि हुंकारा द्यावा तर उकंडानंच. कापसाच्या जिनिंगमधून राबून, थकून आला तरी पारावर हजर. लोक म्हणत, "कहानी पुंडलिकरावची, चव उकंडाची."

दिवाळीनंतर उकंडाला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजत मात्र सगळं होतं. भेटायला येणारे त्याच्या खाटेशी बसून त्याच्या बायकोला, रुखमाबाईला विचारत, "जेवते का? मानसं वळखते का?" अरे, माणूस समोर पडलाय की बाप्पा! एकदा त्यानं बोलायचा प्रयत्न केला, तर नुसती घरघर निघाली आणि पाहुणे रडायला लागले. तेव्हापासून त्यानं आवाज काढणंच सोडलं.

एका दुपारी पुंडलिकराव आले. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. स्टूल ओढून बसले.

"एक होता राजा. त्याले सात लेकी."

आणि थांबले.

"हं," चहा आणता आणता रुखमाबाई म्हणाली.

"तुम्ही नका देऊ, वैनी. हुंकारा त्याचा हाय."

"अजी, त्यायले बोलता येत नाही. कायले छळून राह्यले?"

"बोल कोन म्हनते? हुंकारा मांगतो."

उकंडाला असा राग आला! पुंडलिकराव निवांत चहा पीत बसले. चहा संपला, तरी ते त्याच्याच तोंडाकडे पाहत होते. दुखण्यात पडल्यापासून आपल्यासाठी असं कोणी थांबलंच नव्हतं, हे उकंडाच्या ध्यानात आलं.

"हं."

वाकडातिकडा निघाला, पण निघाला. राजा चालू लागला.

पुढं पुंडलिकराव म्हणाले, "मंग मोठ्या लेकीनं माकडासंग लगन केलं."

"हंऽऽ?"

"चुकलो का बे? हो, हो, धाकटीनं!"

उकंडा अर्ध्या तोंडानं हसला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शंभरदा सांगितलेल्या कहाणीत हा माणूस मुद्दाम चुकला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. किती उपकार मानावेत याचे! डाव्या हातानं त्यानं पुंडलिकरावांचा हात घट्ट धरून ठेवला.

संध्याकाळी शेजारच्या विमलताई दारात आल्या. "रुखमाबाई, कसे हायेत आता भाऊ?"

तांदूळ निवडत बसलेल्या रुखमाबाईनं मान वर केली नाही. "मले काहून विचारता? त्यायलेच विचारा."

विमलताई ओशाळल्या. खाटेजवळ आल्या, पदर सावरला. "भाऊ, बरं वाटते का?"

आणि थांबल्या.

"हं," उकंडा म्हणाला.