आईच्या गोळ्या आणि माझी फर्स्ट शिफ्ट

आईच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढं ढकललं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. थायरॉईडचा आकडा खाली आल्याशिवाय भूल देता येणार नाही, असं शिरूरच्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. इकडं आईचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. जिना चढताना ती मध्येच बसायची आणि मी वरून ओरडायचे, "आलीस का?"

गोळ्यांचा ताबा पहिल्या रिपोर्टनंतरच मी घेतला होता. मावशीकडच्या लग्नात आईने थायरॉईडची गोळी आठवडाभर चुकवली होती, एवढाच तिचा गुन्हा. मी रांजणगावला कंपनीत क्वालिटीला. तपासल्याशिवाय माल पुढं सोडायचा नाही, ही सवय घरातही शिरली. पहाटे कंपनीची बस यायच्या आधी तिला उठवायचं, थायरॉईडची पांढरी आणि रक्तवाढीची लाल, दोन्ही गोळ्या समोर गिळायला लावायच्या, कॅलेंडरवर टिक करायची आणि चौकाकडे पळायचं.

"लाल गोळी मी जेवल्यावर घ्यायची गं," ती एकदा म्हणाली.

"तेव्हा मी असते का इथं? आत्ता घे."

दुसरा रिपोर्ट आणखी बिघडला. डोस वाढवला. आई गोळी गालात धरते आणि नंतर थुंकते, याची मला खात्रीच पटली. मी तिला तोंड उघडायला लावू लागले. जीभ वर कर, म्हणायचे. बस चुकेल म्हणून माझा जीव वरखाली, आणि ती निमूट आ करायची.

तरी तिसरा रिपोर्ट तसाच. मी कॅलेंडरच डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटलं. "बघा, एक दिवस चुकलेला नाही."

"दोन्ही गोळ्या एकदम देता?"

"हो. माझ्या हाताने."

"ती लाल, लोहाची गोळी सोबत गेली, की थायरॉईडची अंगी लागत नाही. चार तासांचं तरी अंतर हवं. आम्हीही आधीच विचारायला हवं होतं."

आता सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. तोवर तिचं रक्त जातच राहणार होतं, आणि ते माझ्यामुळे.

रिक्षात मला तिच्याकडे बघवेना. "चुकलं माझं, आई."

तिने माझ्या हातातलं कॅलेंडर घेऊन पिशवीत कोंबलं.

"लाल गोळी दुपारी माझी मी घीन. पांढरी तूच देत जा सकाळची," ती म्हणाली. "फकस्त तोंड उघडाया लावू नगंस गं."