ग्यानोबा आणि हिरव्या चिंध्या

आमचा ग्यानोबा गोरेगावच्या जीपमध्ये बसला, की ड्रायव्हरला दोनदा विचारणार, "गोरेगावलाच चालली नं?" रस्ता रोजचा, ड्रायव्हर रोजचा, पण या गड्याचा विश्वास म्हणून बसत नाही. भावजय भिकाबाईनं चहा दिला, तर आधी तिला पिऊ देतो.

अशा माणसाचा जीव गावामागच्या माळात. पाहुण्याला तिथं नुसती काटेरी झुडपं दिसतील. ग्यानोबाच्या शेळ्या मात्र गवत संपलं, की उन्हाळाभर तिथल्या हिवराच्या पाल्यावर आणि बाभळीच्या शेंगांवर जगतात. ती झाडं गेली, तर शेळ्या विकाव्या लागणार. आणि शेळ्या राखण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नाही.

यंदा माळावर पाणी अडवायला चर खोदायचे ठरले. जेसीबी येणार म्हटल्यावर त्याची झोप उडाली. त्यातच एका दुपारी भिकाबाई हिवराला लुगड्याची हिरवी चिंधी बांधताना दिसली. पुढं बाभळीलाही बांधली. ग्यानोबानं लगेच ताडलं, तोडायची झाडं दाखवून ठेवतेय, सरपण स्वतःच्या घरी नेणार! तिला विचारलं नाही. विचारून ती खरं थोडंच सांगणार होती?

बाजाराच्या दिवशी गाव रिकामं झालं, तसा हा माळावर गेला. सगळ्या चिंध्या सोडल्या आणि घाणेरीच्या जाळ्यांना बांधल्या. घाणेरीला शेळी तोंडसुद्धा लावत नाही. न्या म्हणावं ही! हात ओरबाडले, पण घरी येताना स्वारी शीळ घालत होती.

दुसऱ्या दिवशी तो शेळ्या घेऊन पोचला, तोवर हिवर-बाभळी मुळासकट आडव्या झाल्या होत्या. भिकाबाई जेसीबीच्या ड्रायव्हरवर तुटून पडली होती.

"चिंधी असंल ते झाड ठिव, चर वळवून ने, असं सांगितलं व्हतं की न्हाई तुला?"

"ठेवलं नं, काकू. बघा की, एकालाबी धक्का न्हाई."

घाणेरी जागच्या जागी उभी होती. भिकाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग ग्यानोबाच्या ओरबाडलेल्या हातांकडं.

"भावजी, तुमच्या शेळ्यांसाठी सरपंचाच्या पाया पडले. नेसतं लुगडं फाडलं."

"मंग मला काहून सांगितलं न्हाई, वैनी?"

"सांगितलं असतं, तर तुमी मानलं असतं?"

एरवी मला या माणसाचा रागच यायचा. त्या दिवशी त्याच्याकडं बघवेना. शेळ्या आडव्या पडलेल्या हिवरांवर चढून शेंड्याचा पाला खात होत्या. एवढ्या उंचावरचा त्यांना कधी मिळाला नव्हता. ग्यानोबानं त्यांना पोटभर खाऊ दिलं.