ज्या खाडीत पाणी नव्हतं

आधीच सांगून ठेवते — भूत, चकवा, भानामती यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. या पानावरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते. वाचून हसते. दोनदा तर खाली "साखर तपासून घ्या" अशी कमेंटही टाकली होती. त्यामुळे आज ज्यांना माझ्यावर हसायचं आहे त्यांनी खुशाल हसावं, उधारी फिटेल.

मी दुसरबीडची. वय अडुसष्ट, चार नातवंडांची आजी, सगळा जन्म सरकारी नर्स म्हणून गेला. पंचविशीत सुलतानपूरच्या उपकेंद्रात होते, तेव्हा कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून घरोघर "भूत नसतं" असं सांगत फिरायची. बाया म्हणायच्या, "हाव, सिस्टरबाई." मी वळले की उंबऱ्यावर लिंबू ठेवायच्या. आणि त्या दीडशहाण्या पोरीला वाटायचं, आपण गाव सुधारलं!

तर गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. माझा मुलगा सुमेध पुण्यात असतो. त्यानं अंदमानची "गाइडेड सी-कयाकिंग हॉलिडे" बुक केली. कयाक म्हणजे लांबट, चिंचोळी होडी. त्यात पाय पसरून बसायचं आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं वल्हं मारायचं. ऐनवेळी सूनबाईला रजा मिळाली नाही, मग तिच्या जागी माझी धाकटी नणंद वच्छला आली. ती पिंपळगाव राजाला असते. आम्हा दोघींचं चाळीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही, आणि सुमेधनं आम्हाला दिली दोघींची मिळून एक कयाक! पोरगा इंजिनिअर आहे हो, पण अक्कल...

"तुम्हाला जमेल का?" असं त्यानं विचारलं, तर मी म्हणाले, "खाऱ्या पाण्याचं मला काय सांगतोस? लोणारच्या शेजारी नोकरी केली आहे मी." जसं काही मी त्या तळ्यात रोज पोहत होते! महिनाभर अंगणात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकामागे एक मांडून, हातात बांबू धरून आम्ही सराव केला. शेजारची शबाना भिंतीवरून बघायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच, "सिस्टर, दोघींची तब्येत बरी हाय ना?"

वच्छलाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, तिला साखर आहे, रोज इन्सुलिन घेते. दुसरी, विहारात वंदनेला ती सगळ्यांत पुढं बसते, पण एकट्या जागी कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाही. तीन हाका झाल्याशिवाय नाहीच. तिचं म्हणणं, माणूस तीनदा बोलावतो, दुसरं काही असलं तर एकदाच. माझी सासूही तशीच होती. मी या गोष्टीवरून दोघींनाही आयुष्यभर छळलं.

अंदमानातल्या स्वराज द्वीप बेटावर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खारफुटीच्या जंगलातल्या खाडीत शिरलो. पुढं आमचा गाइड सुबीर, मध्ये सुमेध, मागे आम्ही दोघी. सुबीरनं निघतानाच बजावलं होतं, "आंटीजी, ग्यारह बजे तक बाहर निकलना है. बाद में पानी उतर जाता है, अंदर सिर्फ कीचड़." आम्ही मान डोलावली. बिस्किटं, साखर, पाण्याच्या बाटल्या, सगळं सुबीरच्या पिशवीत. वच्छलानं सकाळी इंजेक्शन घेतलं होतं आणि नाश्ता अर्धाच केला होता. का, तर "मधीच लागली तं समुद्रात कुठं जाऊ?" हे तिनं मला नंतर सांगितलं. आणि जन्मभर लोकांना "खाल्लं का?" विचारत आलेली सिस्टर तेव्हा काय करत होती? फोटोत आपली टोपी तिरकी तर दिसत नाही ना, हे बघत होती!

मी उजवीकडे वल्हं मारावं तर वच्छला डावीकडे. पाच मिनिटांत आम्ही मागे पडलो. खाडीला वळण होतं, त्या पलीकडून सुबीरची हाक आली, "आंटीजी!"

मी तोंड उघडणार तोच वच्छला म्हणाली, "थांब वयनी. ओ देऊ नको."

"काऊन? सुबीर आहे तो."

"असंल. तीन होऊ दे."

"अवं, तो पगारी माणूस आहे, चकवा नाही!"

"तुले काय माहीत? तुनं पाह्यला का चकवा?"

झालं. ओ द्यावी की देऊ नये, यावर आम्ही भर समुद्रात भांडलो. इतक्या मोठ्यानं भांडलो की दुसरी आणि तिसरी हाक आली असली तरी आम्हाला ऐकूच आली नाही. भानावर आलो तेव्हा पुढं दोन फाटे होते आणि दोन्हीकडे कोणी नव्हतं.

डावा फाटा मी नीट पाहिला. माझा चष्मा डोळ्यांवर होता. त्यात पाणी नव्हतं. काळा चिखल, वर आलेली मुळं आणि लाल खेकडे. उजवीकडे पाणी होतं, म्हणून आम्ही उजवीकडे गेलो. ती वाट शंभरेक हात जाऊन मुळांच्या जाळीत बंद झाली. वळायला जागा नाही. वल्ह्यानं ढकलत, उलट्या पावली म्हणतात तसं, आम्ही परत फाट्याशी आलो. एव्हाना पाणी चांगलंच उतरलं होतं. झाडांच्या बुंध्यांवर ओली रेघ दिसत होती, माझ्या कमरेएवढी वर.

आणि पुढं बसलेली वच्छला गप्प झाली. वच्छला कधी गप्प होत नाही. मी तिच्या पाठीला हात लावला, तर कपडे घामानं चिंब आणि अंग गार. "वच्छला?" तर म्हणते, "माय, शेळी सोडली का?" हात थरथरत होते. वल्हं निसटत होतं, ते मी धरलं. साखर उतरली होती, हे मला एका क्षणात कळलं. जवळ साखरेचा कण नाही. जॅकेटला बांधलेली शिट्टी फुंकफुंक फुंकली. उत्तर नाही. तिला अजून अर्धा तास तसंच ठेवलं तर काय होतं, ते मी दवाखान्यात पाहिलेलं आहे. इथं लिहीत नाही.

तेवढ्यात बाईचा आवाज आला. डावीकडून. चांगला खणखणीत, वैतागलेला.

"ओ सिस्टरबाई! इकडून या ना! तिकडं कायले घुसून राह्यल्या? इकडून पाणी हाय!"

मी एका सेकंदाचा विचार न करता ओरडले, "आलो वं, आलो!" आणि कयाक वळवली.

दहा मिनिटं असतील... एकटीनं वल्हं मारत होते. आवाज आणखी दोनदा आला, दरवेळी पुढच्या वळणावरून. "या या, सरळ या." आणि मग, "हात चालवा बाई!" दरडावून. मला तर रागच आला तिचा. मनात म्हटलं, एवढी काळजी आहे तर समोर ये आणि दोरी धर. बाई काही दिसली नाही. होडी कुठं घासली नाही, अडकली नाही. मग एकदम उजेड आला, वाळू आली, आणि सुमेध "आई!" करत कमरेएवढ्या पाण्यात धावत आला. पहिले शब्द माझ्या तोंडून निघाले ते "साखर आण!" पाण्यात साखर कालवून वच्छलाला घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी तिनं डोळे नीट उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वयनी, तुही टोपी कुठं गेली?" तेव्हा मी रडले. ती टोपी अजून सापडलेली नाही.

सुबीरनं विचारलं, "आप लोग निकले किधर से?" मी हात केला. त्यानं तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "उधर से नहीं आ सकते, आंटीजी." वच्छलाला सावलीत बसवून आम्ही तिघं चालत त्या फाट्याच्या तोंडाशी गेलो. चिखल. मुळं. लाल खेकडे. होडी ओढल्याची खूण नाही. ती होडी रिकामी उचलायलाही दोन माणसं लागत होती, आणि आम्ही दोघी काही हलक्या नाही. सुबीर एवढंच म्हणाला की सकाळी त्यानं आम्हाला तीन वेळा हाक मारली होती.

सुमेधनं समजावलं. आतून सगळे फाटे सारखेच दिसतात, तू घाबरली होतीस, आवाज घुमतात. मान्य. पण घुमलेला आवाज वऱ्हाडीत बोलतो का? "सिस्टरबाई" ही हाक तिथं कोणाला ठाऊक? दुसऱ्या दिवशी पोलिओच्या मोहिमेत फिरायची तशी मी त्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत दारोदार फिरले. "तुमच्याकडे कोणी आमच्या बाजूची बाई उतरली आहे का?" एक नाशिकचं जोडपं सापडलं. ते आदल्या संध्याकाळी आलं होतं आणि झोपूनच होतं.

वच्छलानं वेगळीच गोष्ट लावून धरली आहे. तिच्या म्हणण्यानुसार हाक "वच्छे, ये वं" अशी होती आणि आवाज तिच्या आईचा होता. मी म्हणते, तू शुद्धीत तरी होतीस का? तुझी साक्ष कोर्टात चालणार नाही. सासूबाईंचा आवाज मला कळला नसता? बारा वर्षं ऐकला आहे!

हे लिहीत असताना ती इथंच बसली आहे. सुट्टीला आली आहे, माझ्या ताटातली भाकरी खाते आहे आणि सारखी डोकावून "काय लिहून राह्यली?" विचारते आहे. मघाशी सगळं वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली,

"आईचा नसंल तं नसंल आवाज. पण वयनी, तुनं सोताच्या डोळ्यानं तिथं चिखल पाह्यला ना?"

"पाहिला."

"मंग तू काऊन वळली तिकडे?"

तीन वर्षं झाली. सुमेध विचारतो, शबाना विचारते, आता ही. मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही.