यूसुफभाई लाइनबाहेर बसले तो शुक्रवार

यूसुफभाई बुरोंडकर बावन्न साली बोटीने कुवेतला आले ते पाइपफिटर म्हणून. पण अहमदीच्या तेलवसाहतीत त्यांना सगळे ओळखायचे ते फुलबॅक म्हणून. अडुसष्टला परत गेले तेव्हा मॅनेजर म्हणून तीन कप त्यांच्या नावावर होते. त्यांतल्या पहिल्याची ही गोष्ट.

बचावाची त्यांची एकच रीत होती: संकट आलं की बॉल लाइनबाहेर. घरच्या बाबतीतही तेच. सिराजने त्यांच्या बहिणीला, असमाला, दोनदा मागणी घातली आणि दोन्ही वेळा यूसुफभाईंनी "बघू" म्हणून ती बाहेर टोलवली. सिराज फिंतासला एका दुकानात होता. त्याच्याइतका चपळ बॅक आमच्यात दुसरा नव्हता.

पण आमचा संघ म्हणजे खाडीकाठच्या पाच गावांच्या जमातीचा संघ, आणि जमातीचा नियम असा की प्रत्येक गावाचे दोन खेळाडू. पाच दुणे दहा, आणि गोलमध्ये मी, कारण त्या जागेसाठी कुणी भांडत नसे. सिराजच्या गावाचे दोघे आधीच ठरलेले, म्हणून तो बाहेर बसायचा. यूसुफभाईंच्या गावची कुवेतमध्ये माणसंच दोन: ते स्वतः आणि हुसेन बावर्ची. हुसेन बिर्याणी फक्कड करायचा. बॉल आला की मात्र अदबीने बाजूला सरकून त्याला वाट द्यायचा.

एकसष्टच्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदाच फायनलला पोचलो. यूसुफभाई तेव्हा मॅनेजरही होते आणि बॅकही. वय चाळीस, उजवा गुडघा नारळाएवढा सुजलेला. पण कप त्यांना हवाच होता, आणि तोही स्वतः खेळून. जमातीच्या बैठकीत ते उभे राहिले.

"हुसेनच्या जागी सिराज खेळंल. तो आमच्या गावचा जावई हाय."

"निका कवा झाला?" जमातीचे म्होरके उस्मानचाचा म्हणाले.

"ठरलाय. आमच्या असमाशी."

सिराजच्या हातातला चहा सांडला.

"पोरीला इचारलास काय?"

विचारलं नव्हतं. चाचांनी निकाल दिला: शुक्रवारच्या सामन्यापर्यंत तिचा होकार आला तर सिराज, नाही तर हुसेन.

असमाला गावी तार करायला मी कुवेत सिटीत गेलो. यूसुफभाईंच्या मजकुरात मी पदरचे दोन शब्द घुसडले: गुडघा बिघडलाय. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

उत्तर आलं ते सामन्याच्या तासभर आधी. चाचांनी मोठ्याने वाचलं, "सिराज कबूल. भाईने खेळायचं नाही."

यूसुफभाईंचे बूट बांधून झाले होते. "मॅनेजर मी की ती?" ते भडकले. चाचा म्हणाले, होकार अटीसकट आलाय. अट मोडलीस तर जावई नाय. मला फार वाईट वाटलं. नऊ वर्षं हा माणूस याच सामन्याची वाट बघत होता. मग ते खाली बसले, सावकाश बूट सोडले आणि हुसेनपुढे टाकले.

"घाल. बॉल आला तर सरकू नको. नुस्ता उभा ऱ्हा."

हुसेन खरोखरच उभा राहिला. दोनदा बॉल त्याच्या पोटावर आपटून परत गेला आणि दोन्ही वेळा तो बॉलकडे रागाने बघत राहिला. सामना संपायला पाच मिनिटं असताना सिराजने बॉल अडवला आणि बाहेर मारायचा सोडून तो घेऊन सरळ पुढे सुटला.

"मेहुण्या, मागं ये! अरे, मागं ये!" यूसुफभाई लंगडत लाइनीच्या कडेने धावत ओरडत होते. सिराजने ऐकलं नाही. एक गोल, तेवढाच, आणि कप आमचा.

सगळे नाचत होते. यूसुफभाई माझ्यापाशी येऊन गोलच्या खांबाला टेकून बसले. हसत होते आणि डोळेही पुसत होते.

"मी आत असतो ना," ते म्हणाले, "तर हा गोल झालाच नसता रे. चड्डी धरून त्याला मी मागं खेचला असता."